बांबूच्या वस्तू ऑनलाइन विकायच्या आहेत: जागा, भाव, पॅकिंग आणि जीएसटीबद्दल सल्ला हवा (नागभीड तालुका)

वैनगंगा

नमस्कार मंडळी. आमच्या गावात बुरूडकाम करणारी काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सुपे, टोपल्या, परड्या आणि धान्याच्या ढोल्या विणत आली आहेत. प्लास्टिकच्या टोपल्यांनी आठवडी बाजारातली त्यांची जागा बळकावल्यापासून लग्नसराईतली सुपे आणि रोवणीच्या हंगामातल्या टोपल्या सोडल्या, तर वर्षभर हाताला काम राहत नाही. त्यांच्यापैकी काही जणींनी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षण घेतले असून आता त्या ट्रे, दिव्यांच्या छत्र्या, पेनस्टँड, राख्या, कानातले अशा वस्तूही सफाईने बनवतात. मी त्यांच्या बचत गटाचा हिशेब लिहिते आणि फोनवरचे व्यवहार पाहते.

हा माल आम्हाला ऑनलाइन विकायचा आहे. मोठ्या बाजारपेठेच्या ॲपवर जावे की इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून थेट विकावे, जीएसटी नोंदणी लागते का, आणि एवढा नाजूक माल नागभीडहून पुण्या-मुंबईपर्यंत धड कसा पोहोचवावा, हे माझे प्रश्न आहेत. ‘खाते उघडा, छान फोटो टाका, ग्राहक येतील’ एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो. त्याच्या पुढचे कोणी सांगेल का?

धारणीकर

वैनगंगाताई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो: यांपैकी कोणती वस्तू किती मोठ्या खोक्यात बसते? मी मेळघाटात बांबूच्या मालाची पाठवणी पाहतो. बांबूच्या धंद्यात नफा-तोटा बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुरिअर कंपन्या दोन वजने काढतात. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे, म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५,००० ने भागायचे. यांतले जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. आता तुमची परडी घ्या. काट्यावर ती चारशे ग्रॅमही भरणार नाही. पण तिला ३० × ३० × २० सेंटिमीटरचा खोका लागला, तर गुणाकार १८,००० होतो आणि कुरिअरवाल्याच्या लेखी ती ३.६ किलोची वस्तू ठरते. ग्राहक दोनशे रुपयांच्या परडीसाठी तेवढेच भाडे देणार नाही, आणि तुम्ही ते पदरचे भरले तर विणणारीच्या हाती काहीच उरणार नाही.

त्याच खोक्यात एकात एक बसणाऱ्या तीन परड्यांचा संच घातला, तर आकारमान तेच राहते आणि भाडे तीन वस्तूंवर वाटले जाते. म्हणून परड्यांची मापे विणतानाच एकीच्या पोटात दुसरी जाईल अशी ठरवून घ्या. हे काम साच्याने सहज होते. सपाट ट्रेला ३५ × २५ × ५ चा खोका पुरतो आणि तो एक किलोच्या आतच राहतो. राख्या आणि कानातले तर पाकिटात जातात. आमच्याकडे लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राच्या राख्या दूरदूरच्या शहरांत पोहोचल्या, त्यामागे कारागिरांचे कौशल्य तर आहेच, पण राखीचे भाडे नगण्य असते हेही एक कारण आहे, असे मला वाटते.

दिव्याची छत्री ही सर्वांत देखणी आणि सर्वांत महाग पडणारी वस्तू आहे. तिच्या कामट्या सुट्या करून पाठवता येतील आणि ग्राहकाला घरी जोडता येतील, अशी रचना जमली तरच ती ऑनलाइन ठेवा. नाहीतर ती नागपूरच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवा.

पाठवणीसाठी गावातले शाखा डाकघर विसरू नका. खाजगी कुरिअरचा माणूस ब्रह्मपुरीच्या पलीकडे माल उचलायला येईल याची खात्री नसते, पण टपाल तुमच्या गावातून निघते. नोंदणीकृत टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे, त्यामुळे राख्यांच्या पाकिटांचा हिशेब स्पीड पोस्टचे दर धरूनच करा. जून ते सप्टेंबरमध्ये प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, सोबत ओलावा शोषणारी पुडी टाकून मगच खोक्यात घाला.

हिशोबनीस

जीएसटीबद्दल गावोगाव बराच गोंधळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल, तर नोंदणी बंधनकारक नाही. पूर्वी बाजारपेठेच्या ॲपवरून एक रुपयाचा माल विकला तरी नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली: उलाढाल मर्यादेच्या आत असेल, माल फक्त आपल्याच राज्यात विकायचा असेल आणि पॅन असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन ॲपवर विक्री करता येते. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नोंदणी नव्हे. त्यासाठी दरमहा विवरणपत्र भरावे लागत नाही. म्हणजे नागपूर, पुणे, मुंबई एवढ्यापुरते तुम्ही ॲपवर आजही जाऊ शकता.

परराज्यात माल पाठवायचा असेल तर दोन वेगळ्या वाटा आहेत. तुम्ही ॲपवरून विकणार असाल तर नोंदणी लागेल. तुम्ही स्वतः थेट विकणार असाल, तर हस्तकलेच्या अधिसूचित वस्तूंना २०१७ पासून वेगळी सूट आहे. माल मुख्यतः हाताने बनवलेला असावा, उलाढाल मर्यादेत असावी, पॅन असावा आणि प्रत्येक वेळी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) काढावे, अशा तिच्या अटी आहेत. बांबूच्या शोभेच्या आणि उपयोगाच्या वस्तू त्या यादीत आहेत. इतर मालाला ई-वे बिल ठरावीक किमतीच्या वर लागते. इथे मात्र राज्याबाहेर जाणारा माल तीनशे रुपयांचा असला तरी ते लागते, आणि हीच अट बहुतेक जण विसरतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती विनामूल्य आहे आणि आधारवर होते; तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. टोपल्या, चटया आणि झाडू विणणारे हा व्यवसाय १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज (आधी १ लाखापर्यंत, नंतर २ लाखांपर्यंत) असे तिचे स्वरूप आहे. मात्र कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले, त्यामुळे नवरा आणि बायको दोघे विणत असतील तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे घरात आधी ठरवून मगच सेवा केंद्रावर जा.

रानवेल

हिशोबनीस भाऊ, पॅन कोणाचा द्यायचा? गटाचा की एका बाईचा?

हिशोबनीस

पैसे ज्याच्या खात्यात येणार त्याचाच पॅन. एका सदस्येच्या नावावर सगळी विक्री दाखवली तर कागदोपत्री ते सगळे तिचे उत्पन्न ठरते आणि पुढे तिच्याच घरात प्रश्न उभे राहतात. गटाचे बँक खाते आहे, त्याच्या जोडीला गटाचा पॅन काढून घेणे सोयीचे.

बुरूडआळी

मी स्वतः विणणाऱ्यांपैकी आहे, म्हणून थोडे परखड लिहितो, राग नसावा. धाग्यात आतापर्यंत खोका आला, कर आला, पण मजुरी कोणीच काढली नाही.

सूप विणायला किती वेळ लागतो, असे विचारले की शहरातली माणसे विणण्याचा वेळ धरतात. बांबू निवडून आणणे, तो फोडणे, कामट्या काढणे, त्या सुरीने तासून एकसारख्या करणे, आणि आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्या तडकू नयेत म्हणून भिजवून ठेवणे, हा सगळा वेळ विणण्याआधीचा आहे आणि तो बहुतेक हिशेबांत धरलाच जात नाही. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये राज्यात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. ती माती खणण्याची मजुरी आहे. ज्या कामाला वर्षानुवर्षांचा हात लागतो, त्याची मजुरी त्याहून कमी पडत असेल, तर ते काम ऑनलाइन गेल्याने सुधारणार नाही. उलट जितके जास्त विकाल तितका तोटा वाढेल.

म्हणून एक उदाहरण मांडतो. समजा ट्रेला सगळे मिळून तीन तास लागतात. दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली, तर आठ तासांच्या हिशेबाने तीन तासांचे १८८ रुपये झाले. बांबू ४०, घासणे आणि पॉलिश २५, खोका आणि कागद ३५. वस्तू घरातून बाहेर पडण्याआधीच २८८ झाले. आता ती ४५० रुपयांना ॲपवर ठेवली, ॲपचे कमिशन आणि इतर आकार मिळून १८ टक्के धरले तर ८१ गेले, पाठवणीचे ८० गेले. गटाच्या हाती एक रुपया उरला, आणि एक जरी ट्रे परत आला तरी तोही जाईल. तोच ट्रे ६५० ला विकला तर १६५ उरतात. साडेचारशेला विकण्यात काही अर्थ नाही, हे विकण्याआधी कागदावर दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट मालाची. पावसाळ्यात कोंब फुटण्याच्या दिवसांत तोडलेला किंवा कोवळा बांबू कितीही सुबक विणा, त्यात साखर आणि पिठूळपणा जास्त असल्याने घुण लागतो आणि ग्राहकाच्या टेबलावर पांढरी भुकटी पडते. तीन वर्षांचा पक्का बांबू दिवाळीनंतर, थंडीत तोडावा. आमची म्हातारी माणसे अमावस्येचा मुहूर्त धरतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. शोभेच्या वस्तूंसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात कामट्या बुडवून घेतल्या तर कीड लागत नाही, पण ज्यात धान्य, भाकरी किंवा फळे ठेवायची त्या सुपाला आणि परडीला ते लावू नये. त्यांच्यासाठी कामट्या वाहत्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवणे आणि नंतर सावलीत कडक वाळवणे हाच जुना उपाय बरा. कोणत्या वस्तूवर काय प्रक्रिया केली आहे ते विकताना लिहा.

मानवेल आणि कटांग या बांबूच्या दोन जातींतला फरकही लिहा. मानवेल बहुधा भरीव आणि चिवट, कटांग जाड आणि पोकळ; जाणकार ग्राहक विचारतात.

धारणीकर

भाऊ, मजुरीचा मुद्दा मान्य आहे. मी खोक्यापासून सुरुवात केली, कारण मजुरी वाढवायला जागा तिथेच मिळते. भाड्यात वाचलेले ऐंशी रुपये विणणारीकडे जाऊ शकतात; ग्राहकाकडून तेवढेच जास्तीचे मागणे फार कठीण असते.

करवतकाठी

माझा अनुभव बांबूचा नाही. आंधळगावाकडच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. तरीही बाजारपेठेच्या ॲपबद्दल इथे जो नकाराचा सूर उमटतो आहे, तो मला पूर्ण पटत नाही. कोशाची साडी घडी घालून लहान पाकिटात जाते, किंमत हजारांत असते आणि तिच्यावरचे पाठवणीचे भाडे नजरेत भरत नाही. अशा मालाला ॲपवर अनोळखी ग्राहक मिळतो, आणि अनोळखी ग्राहक मिळणे हाच ऑनलाइनचा खरा फायदा आहे. इन्स्टाग्रामवर आपलेच नातेवाईक आणि मित्र ‘सुंदर’ लिहून निघून जातात.

वैनगंगाताईंच्या यादीत कोशाच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे कानातले. ते ॲपवर ठेवून पाहावे आणि बाकी सगळे थेट विकावे. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचे ‘इंडियाहँडमेड’ हे पोर्टलही आहे. तिथे विक्रेत्याकडून कमिशन घेतले जात नाही. कारागिराचे पहचान ओळखपत्र अजून काढले नसेल तर काढून घ्या.

तान्हा_पोळा

आमच्या घरी लाकडी नंदी बनतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातल्या घराघरांतली पोरे नंदी सजवून गल्लोगल्ली फिरतात. हा सण नागपूर-वर्ध्याकडचा असल्यामुळे पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या दुकानात असा नंदी मिळत नाही, पण तिथे राहणाऱ्या विदर्भातल्या घरांना तो हवा असतो. आम्ही आमचा ग्राहक तिथे शोधला. ॲपवर ‘लाकडी बैल’ म्हणून शोधणाऱ्याला यंत्रावर कापलेला बैल शंभर रुपयांत दिसतो, आणि मग आमच्या हाताने कोरलेल्या बैलाची किंमत त्याच्या शेजारी महाग वाटू लागते. व्हॉट्सॲपवर तो शेजार नसतो.

आमचे ग्राहक प्रदर्शनातून आले. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात ज्याने वस्तू हातात धरून पाहिली, तो पुढच्या वर्षी फोटो पाहून मागवतो. त्याला परताव्याचा धाक नसतो आणि आपल्यालाही नसतो. एका मोठ्या ॲपवर आमच्याकडून गेलेला रंगवलेला नंदी ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून परत आला, तेव्हा त्याचे शिंग मोडलेले होते आणि दोन्ही बाजूंचे भाडे आमच्याच खात्यातून कापले गेले. वस्तू पोहोचल्यावर पैसे घेण्याची सोय आम्ही तेव्हापासून बंद केली. आधी पैसे, मग वस्तू. काही ग्राहक गेले, पण जे राहिले ते दरवर्षीचे आहेत.

सणाच्या वस्तूला अजून एक नियम आहे: मागणी स्वीकारण्याची शेवटची तारीख सणाच्या किमान तीन आठवडे आधी ठेवा आणि ती मोडू नका. राखी पौर्णिमा झाल्यावर पोहोचलेली राखी पाकिटातच राहते.

करवतकाठी

परताव्याबद्दल तुमचे खरे आहे. पण ‘व्हॉट्सॲपवर तो शेजार नसतो’ हे म्हणणे किती दिवस टिकेल? तुमचा ग्राहकही फोनवर दुसऱ्या बाजूला तो शंभराचा बैल पाहतोच.

तान्हा_पोळा

पाहतो. पण आम्ही बैल कोरतानाचा छोटा व्हिडिओ पाठवतो, आणि शंभराच्या बैलाकडे तो नसतो.

रानवेल

फोटोबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडे. बांबूचा रंग ट्यूबलाइटखाली हिरवट येतो आणि मग ‘फोटोसारखा नाही’ ही तक्रार येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास छपरीत, थेट ऊन पडत नसलेल्या जागी, मागे साधा पांढरा किंवा मातकट कपडा लावून फोटो काढा. फोनचा साधा कॅमेरा पुरतो. निदान एका फोटोत वस्तू हातात धरलेली असावी, म्हणजे आकार कळतो. सेंटिमीटर लिहिलेले असूनही लोक वाचत नाहीत आणि पेनस्टँड लहान निघाला म्हणून चिडतात. विणीचा जवळून काढलेला एक फोटो असावा, आणि तळाचाही असावा, कारण विकत घेणारी बाई वस्तू उलटी करूनच पाहते.

खोक्यात बंद करून विकत असाल तर वेष्टनावर आणि ऑनलाइन यादीतही निर्मात्याचे नाव आणि पत्ता, नग, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळे लागते. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत ते आहे. गावाकडच्या गटांच्या खोक्यांवर सहसा फक्त नाव आणि फूल असते.

वैनगंगा

सर्वांचे मनापासून आभार. धारणीकर भाऊंच्या सूत्राने आम्ही प्रत्येक वस्तूचा खोका मोजला. दिव्याची छत्री यादीतून काढली. परड्यांचा तीनचा संच करण्याची कल्पना बायकांना पटली, पण त्यांचे म्हणणे असे की तिन्ही मापे साच्यावर विणायची तर आधी लाकडी साचे सुताराकडून करून घ्यावे लागतील. त्यासाठी पीएम विश्वकर्मामधल्या अवजारांच्या रकमेचा उपयोग होईल का, ते हिशोबनीस भाऊंनी सांगावे.

बुरूडआळी भाऊंचा हिशेब गटाच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर वयाने सर्वांत मोठ्या आजींनी विचारले की आठवडी बाजारात आपण टोपली विकतो, तिचाही असाच हिशेब मांडला तर काय निघेल? तो मांडायला मी घेतला आहे. ट्रेचा भाव ६५० ठरला आहे. त्याखाली विकायचा नाही, असेही ठरले.

एक शंका राहते. मुंबईहून एका बाईंनी विचारले, ‘बांबू तोडल्याने जंगल नष्ट होत नाही का, आणि तुमचा माल कायदेशीर आहे का?’ त्यांना नेमके काय कळवावे?

बुरूडआळी

त्यांना सांगा की बांबू हे गवत आहे, आणि बेटातले जुने पक्के बांबू काढले तर बेटाला नवे कोंब फुटायला जागा मिळते. सगळे बेट एकाच वेळी साफ केले तरच ते मरते. कायद्याच्या बाजूने पाहता, वनक्षेत्राबाहेर उगवलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्याच्या व्याख्येत झाड राहिलेला नाही, म्हणून शेताच्या बांधावरचा बांबू घ्यायला अडचण येत नाही. वनातला घेत असाल तर वनविभागाच्या आगाराची किंवा ग्रामसभेची पावती जपून ठेवा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांची ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू शकते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २०११ मध्ये वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हापासून ही वाट मोकळी झाली. त्या पावतीचा फोटो त्या बाईंना पाठवा.

हिशोबनीस

साच्यांबद्दल: अवजारांची रक्कम ई-व्हाउचरच्या रूपाने मिळते आणि ती त्या व्यवसायासाठी ठरवलेल्या अवजारांवरच खर्च होते, त्यामुळे गावच्या सुताराला ती रोख देता येणार नाही. साचे गटाच्या बचतीतून करा आणि त्यांचा खर्च पहिल्या शंभर संचांवर वाटून प्रत्येक संचाच्या भावात धरा. व्हाउचरमधून सुऱ्या आणि कोयते घ्या.